कोर्टात कोण जाईल?

आमच्या उर्दू शाळेची सहल नवेगाव बांधला गेली होती. माझं माहेर इथलंच, त्यामुळे मुलींना तलाव दाखवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. पाळीवर उभी राहून मी सांगत होते : हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं परंपरा सांगते. ना सिमेंट होतं, ना यंत्रं. टेकड्यांच्या मधली जागा हेरली, माती-दगड रचून पाणी अडवलं आणि खालच्या धानाच्या बांध्या भिजवल्या. लोकांनी पुढे त्या माणसाला देवच केलं. कोलासूर म्हणून टेकडीवर त्याचं ठाणं आहे. भोवतालच्या सात टेकड्यांना सातबहिणी म्हणतात. १९५१ साली मालगुजारी संपली आणि असे तलाव सरकारजमा झाले.

नववीतल्या एका मुलीने मध्येच विचारलं, "आपा, तलाव बांधणारा तर केव्हाच गेला. उद्या कुणी हा बुजवायला लागलं, तर कोर्टात कोण जाईल?"

मी म्हटलं, "सरकार जाईल."

"आणि सरकारच बुजवत असेल तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मुलींना पक्षी दाखवायला पुढे नेलं.

तीच मुलगी पुढे शाळेत म्हणाली की तिला वकील व्हायचंय, जुन्या इमारतींचे आणि तलावांचे खटले लढवायचे आहेत. स्टाफरूममध्ये हशा पिकला. एक वडीलधारे सहकारी म्हणाले, "वकिली म्हणजे झूठ का धंदा. आणि तीही दगडांची? पोरीला डी.एड. करायला सांगा, निकाह तरी चांगला होईल." मी तेव्हाही गप्प बसले. दोनदा गप्प बसल्याची ही भरपाई समजा. हा लेख त्या सहकाऱ्यांना उत्तर आहे, आणि त्यांच्यासारखा विचार करणाऱ्या आपल्या सगळ्या कौमला.

माझं म्हणणं थोडक्यात असं. आपण वारशावर भाषणं करतो, शेर म्हणतो, व्हॉट्सअ‍ॅपवर ताजमहालाचे फोटो टाकतो. पण वारसा वाचतो तो कागदाने, मुदतीत केलेल्या अर्जाने आणि वर्षानुवर्षं तारखांना उभं राहणाऱ्या वकिलाने. तो वकील आपण तयार केलेला नाही. तयार करायची आपल्याला गरजही वाटली नाही.

ताजमहालापासूनच सुरुवात करू, कारण आपल्या छात्या तिथे सर्वांत जास्त फुगतात. मथुरेचा तेलशुद्धीकरण कारखाना, आग्र्याच्या ओतशाळा, फिरोजाबादच्या काचेच्या भट्ट्या यांच्या धुराने संगमरवर पिवळा पडत होता. १९८४ साली याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात कोण गेलं? एखादी अंजुमन? एखादी जमात? एखादा नवाबाचा वारस? नाही. गेले ते अ‍ॅडव्होकेट एम. सी. मेहता. जम्मूकडून दिल्लीत येऊन त्यांना तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. हा माणूस बारा वर्षं त्या खटल्याच्या मागे राहिला. वकिलाने धुराचं रसायनशास्त्र शिकायचं, कोळसा आणि नैसर्गिक वायू यांतला फरक न्यायालयाला समजावून द्यायचा, असं ते काम होतं. आपल्या नागपूरच्या 'नीरी' संस्थेचे अहवाल त्यात पुरावा म्हणून आले. ३० डिसेंबर १९९६ रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि न्यायमूर्ती फैझानुद्दीन यांनी निकाल दिला : २९२ कारखान्यांनी नैसर्गिक वायू वापरावा, नाहीतर ताजच्या परिसरातून हलावं. कामगारांची नोकरी सलग धरली जावी, ते देशोधडीला लागू नयेत, हेही त्या निकालात लिहिलेलं आहे.

शहाजहानची इमारत, हिंदू वकील, शीख आणि मुसलमान न्यायाधीश, नागपूरचे शास्त्रज्ञ. वारसा वाचतो तो असा. यात आपला वाटा किती होता, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं.

आपला वाटा पुढे आला, तो वेगळ्या तऱ्हेने. २००५ साली उत्तर प्रदेशच्या सुन्नी वक्फ बोर्डाने ताजमहाल ही आपली मिळकत असल्याचं जाहीर केलं. पुरातत्त्व खातं सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०१८ मध्ये न्यायालयाने साधी गोष्ट विचारली : शहाजहानच्या सहीचा वक्फनामा आहे का? बोर्डाकडे तो नव्हता. तेरा वर्षं दावा सांगितला आणि हातात कागद नाही! ज्याच्या धुराशी कधी लढलो नाही, त्याच्या मालकीसाठी मात्र आपण पुढे. ही आपली हालत.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. कोर्टात कोण जाईल, हा पोरकट प्रश्न नाही. वारशाच्या कायद्यातला तो पहिला प्रश्न आहे. इमारत बोलत नाही, मग तिच्या वतीने दावा लावायचा अधिकार कुणाला?

तामिळनाडूत पाथूर नावाचं एक खेडं आहे. तिथल्या पडक्या देवळाजवळ १९७६ साली एका मजुराला जमिनीखाली कांस्याचा नटराज सापडला. मूर्ती चोरवाटेने लंडनला पोचली आणि कॅनडातल्या एका कंपनीने ती विकत घेतली. भारताने दावा लावला. बाजू मांडणाऱ्यांत लंडनमधले बॅरिस्टर भास्कर घोरपडे हे आपले मराठी आडनावाचे गृहस्थ होते. मूर्तीवरची माती, वाळवीच्या खुणा, देवळाच्या जागेतली माती असा सगळा पुरावा तपासला गेला. आणि इंग्लंडच्या न्यायालयाने मान्य केलं की भारतीय कायद्याप्रमाणे त्या देवळाला स्वतःचं कायदेशीर अस्तित्व आहे, ते देऊळ दावा लावू शकतं. १९९१ साली अपिलातही हाच निकाल राहिला आणि नटराज घरी आला. बाराव्या शतकातलं ओसाड देऊळ विसाव्या शतकात लंडनमध्ये वादी झालं.

आता मशिदीचं बघा. लाहोरच्या शहीदगंज मशिदीचा खटला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. ही मशीद १७२२ ची. १७६२ पासून जागेचा ताबा शिखांकडे. त्यांच्यासाठी ती त्यांच्या शहिदांची जागा. कोणाच्या भावना मोठ्या, हे मी ठरवत नाही. मी फक्त तारखा सांगते. १८५५ साली नूर अहमद नावाच्या एका इसमाने मुतवल्ली म्हणून दिवाणी दावा लावला, तो फेटाळला गेला. तो माणूस जवळपास एकटाच होता. जुलै १९३५ मध्ये इमारत पाडली गेली, तेव्हा मात्र मोर्चे निघाले, गोळीबार झाला, माणसं मेली. त्यानंतर दावा दाखल झाला. १९४० साली प्रिव्ही कौन्सिलने दोन गोष्टी सांगितल्या. एक, मशिदीची इमारत ही कायद्याने व्यक्ती नाही, ती स्वतः दावा लावू शकत नाही. दोन, बारा वर्षांपेक्षा जास्त काळ दुसऱ्याचा विरोधी ताबा राहिला की मुदत संपते, मशीद असली तरी संपते. सात वर्षांनी लाहोर पाकिस्तानात गेलं. तिथे आजही गुरुद्वाराच आहे. मुसलमानांचं राज्य आलं म्हणून मुदत परत आली नाही.

म्हणजे देवळाच्या वतीने देव उभा राहू शकतो, मशिदीच्या वतीने माणसालाच उभं राहावं लागतं. आपल्यात वकिलाची गरज दुप्पट आहे. आणि आपण वकिलीला झूठ का धंदा म्हणून हसतो.

शहीदगंज जुनी गोष्ट झाली असं समजू नका. स्वतंत्र भारताच्या १९९५ च्या वक्फ कायद्यात कलम १०७ होतं. वक्फची जमीन परत मागण्याच्या दाव्याला मुदतीचा कायदा लागू नाही, असं ते कलम सांगत होतं. ही आपल्याला मिळालेली मोठी ढाल होती. तिच्या आडोशाला आपण तीस वर्षं झोपा काढल्या. मुतवल्ल्यांनी जमिनी भाड्याने दिल्या, भाडं खाल्लं, काहींनी विकल्याही. कोणी विचारलं तर उत्तर तयार : वक्फ कयामतपर्यंत वक्फच राहतो. २०२५ च्या दुरुस्तीने ते कलम काढून टाकलं. १५ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातल्या काही तरतुदी स्थगित केल्या, पण कलम १०७ काही परत आलं नाही. वक्फच्या मिळकतींची माहिती 'उमीद' पोर्टलवर भरायला सहा महिने दिले होते. मुदत संपत आली तेव्हा पळापळ सुरू झाली. १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदतवाढ द्यायला नकार दिला आणि ज्यांना अडचण आहे त्यांनी न्यायाधिकरणाकडे जावं असं सांगितलं.

हा कायदा चांगला की वाईट, यावर वाद जरूर घाला. मलाही त्यातलं बरंच मान्य नाही. पण शंभर वर्षांपूर्वीच्या जागेचा एक उतारा मुतवल्लीच्या पेटीत सापडत नाही, हा दोष कुठल्या सरकारचा?

आता कडू बोलते. आपल्या वारशाचं नुकसान नेहमी बाहेरचेच करतात असं नाही. आमच्या भागातल्या एका गावात सागवानी खांबांची जुनी मशीद होती. खांबांवर वेलबुट्टी कोरलेली. मी लहानपणी ते खांब हाताने चाचपून पाहिलेले आहेत. कमिटीने चंदा गोळा केला, मशीद पाडली आणि बाथरूमला लावतात तसल्या चकचकीत टाइल्सची नवी बांधली. खांब लाकडाच्या व्यापाऱ्याने वजनावर नेले. मी विचारलं तर म्हणाले, "नमाज पढायची की खांब बघायचे?" कुणी मोर्चा काढला नाही. कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. तेच खांब दुसऱ्या कुणी तोडले असते तर?

दर्ग्यांची हीच तऱ्हा. चुनेगच्ची भिंतीवर ऑइलपेंट, कोरीव जाळीला ग्रिल, शिलालेखावर चुना, आवारात फुलवाल्यांची आणि नातेवाइकांची दुकानं. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा सांगतो की संरक्षित स्मारकाची नासधूस करणं गुन्हा आहे. पूर्वी शिक्षा तीन महिन्यांची होती, २०१० पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामाला बंदी, त्यापुढे दोनशे मीटर परवानगीशिवाय काही करता येत नाही. हा कायदा नेत्याला लागू आहे, बिल्डरला लागू आहे, तसा मुजावरालाही लागू आहे. उद्या अतिक्रमण हटवायला पथक आलं, की आपण 'दर्ग्यावर हल्ला' म्हणून ओरडतो. ओरडण्याआधी ते दुकान कुणाच्या मेहुण्याचं आहे ते बघावं. आपल्या बेकायदा शेडमुळे आपल्याच कायदेशीर घुमटाचा दावा कमजोर होतो.

कुणी म्हणेल, ही बाई आपल्यालाच दोष देते, आणि खुलताबादचं काय? त्याबद्दलही बोलते. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाची कबर उखडा अशा आरोळ्या उठल्या. १७ मार्चला नागपुरात दंगल झाली, पुढे एका जखमीचा जीव गेला. औरंगजेबाशी माझं काही नातं नाही. त्याच्या राज्यकारभारावर मी वर्गात टीकाच शिकवते. पण आकाशाखालची ती साधी मातीची कबर इतिहासाचा पुरावा आहे. पुरावा पुसून इतिहास बदलत नाही, फक्त तपासता येत नाही. ती कबर वाचली ती कशाने? आपल्या स्टेटसने? प्रत्युत्तराच्या घोषणांनी? राज्याच्या मुख्यमंत्र्यांनाही सांगावं लागलं की ते पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, कायद्यानेच जावं लागेल. कागदावरची एक नोंद आडवी आली. घोषणा देणारी पोरं मात्र जामिनासाठी वकील शोधत फिरली.

तरी कायदा म्हणजे जादूची कांडी नाही, हेही सांगितलं पाहिजे. १९९१ चा प्रार्थनास्थळांचा कायदा १५ ऑगस्ट १९४७ ची स्थिती कायम ठेवतो, हे आपल्या प्रत्येक वक्त्याला पाठ आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये १९५८ च्या कायद्याखालची प्राचीन स्मारकं वगळलेली आहेत, हे किती जणांना ठाऊक आहे? म्हणजे मशीद संरक्षित स्मारक झाली की एका बाजूने बळ मिळतं, दुसऱ्या बाजूने एक दार उघडं राहतं. उलट १९५८ च्या कायद्याच्या कलम ५ मध्येच असं आहे की रूढीने चालत आलेल्या धार्मिक विधींसाठी स्मारकाचा वापर त्या कायद्याने थांबत नाही. एका हाताने काय गेलं, दुसऱ्या हाताने काय राहिलं, हे तोलायला माणूस लागतो. तो व्यासपीठावरचा चालत नाही. ग्रंथालयात बसणारा लागतो.

काही मजहबी मंडळी म्हणतील, कबरी पक्क्या करणंच मुळात नापसंत आहे, मग त्या जपायच्या कशाला? त्यांना अदबीने सांगते, कायदा तुम्हाला सजदा करायला सांगत नाही. नवी कबर पक्की करू नका. पण चारशे वर्षांपूर्वी ज्या कारागिराने दगड घडवला, त्याच्या मेहनतीचा हक्क आपल्यावर आहे. बीबी का मकबऱ्यावर अताउल्ला आणि हंसपत राय ही दोन नावं जोडीने येतात. ती नोंद टिकली म्हणून आपण आज सांगू शकतो की दख्खनचा हा मकबरा दोघांनी मिळून उभा केला.

राहिला पोटाचा प्रश्न. माझ्या सहकाऱ्यांचा हाच खरा मुद्दा, आणि गरीब घराच्या पोरीसाठी तो खोटा नाही. बारावीनंतर सीईटी देऊन पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करता येतो, पदवीनंतर तीन वर्षांचा. मग सनद, मग बार कौन्सिलची परीक्षा. नागपुरात राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, जुनी लॉ कॉलेजं आहेत. पहिली काही वर्षं सिनिअरच्या फायली उचलण्यात जातात. नुसत्या वारशाच्या खटल्यांवर सुरुवातीला चूल पेटणार नाही. जमिनीचे, वारसाहक्काचे, भाडेकरूंचे दावे लढवावे लागतील. पण हे सगळे दावे त्याच कागदांतून जातात, आणि इथेच माझ्या मुलींकडे एक गोष्ट आहे जी इंग्रजी शाळेतल्या मुलांकडे नाही.

मराठवाड्यातल्या वक्फ आणि इनाम जमिनींचे दावे निजामकाळातल्या मुंतखबांवर उभे आहेत. ते कागद उर्दू-फारसीत आहेत. मोगलकालीन दख्खनचे दफ्तर हैदराबादच्या अभिलेखागारात पडून आहे. आमच्या विदर्भात भोसल्यांच्या काळचे कागद मोडीत. शिकस्ता लिपी वाचणारे वकील आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि शिकस्ता व मोडी दोन्ही वाचणारा तर शोधूनही सापडत नाही. कोर्टात भाषांतरकारावर विसंबावं लागतं, आणि तो एक शब्द चुकला की 'मदद-ए-मआश'ची जमीन खाजगी होऊन जाते. आम्ही उर्दू माध्यमाच्या शिक्षकांनी मुलांना वर्षानुवर्षं एकच गोष्ट शिकवली : उर्दूला भविष्य नाही, नाइलाज म्हणून शिका. आमच्याच हातातली किल्ली आम्हीच गंजवली. उर्दू येणारी मुलगी मोडी सहा महिन्यांत शिकू शकते, कायदा पाच वर्षांत. मग तिची किंमत सिनिअर वकीलसुद्धा ओळखतील.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. प्रत्येक मशीद कमिटीने यंदा इमारतीच्या रंगाऐवजी कागदांवर खर्च करावा : सातबारा, सिटी सर्व्हेची आखीव पत्रिका, गॅझेटमधली नोंद, जुने फोटो, शिलालेखाचा ठसा. पाडण्याआधी एकदा जाणकाराला विचारावं. आणि जकातीतून, चंद्यातून हाफिज तयार करतो तसे जिल्ह्यात दोन कायद्याचे विद्यार्थी तयार करावेत, त्यांतली एक मुलगी असावी. एवढं दहा वर्षं केलं, तर पुढच्या वेळी मुदत संपायच्या आदल्या रात्री कुणाला धावावं लागणार नाही.

आणि त्या वकिलाने फक्त आपल्याच घुमटांसाठी लढावं, असं मी म्हणणार नाही. नवेगावच्या पक्षी अभयारण्याला डॉ. सलीम अलींचं नाव आहे. त्यांनी पक्ष्यांना धर्म विचारला नाही, आयुष्यभर बारीक नोंदी केल्या, म्हणून या हिंदू-गोंड-कोहळी मुलखात एका मुसलमानाचं नाव पाटीवर इज्जतीने उभं आहे. मेहतांनी ताजसाठी बारा वर्षं दिली, ते शहाजहानचे कोण लागत होते? ज्या तलावाच्या पाण्यावर माझ्या आजोबांनी धान पिकवलं, तो कोलू पाटलांचा तलाव माझाही वारसा आहे. त्याची पाळ फुटली तर पाणी मोहल्ला बघून शिरणार नाही.

त्या मुलीला मी अखेर परवा उत्तर दिलं. म्हटलं, "तू विचारलं होतंस ना, कोर्टात कोण जाईल? तू जायचंस. पहिला अर्ज या तलावाचा कर. मशिदीचा दुसरा कर, म्हणजे तुझं म्हणणं लोक जास्त ऐकतील."

तिने विचारलं, "आणि अब्बा नाही म्हणाले तर?"

तिच्या अब्बांना भेटायला मी येत्या जुम्म्याला जाणार आहे. माझ्या सहकाऱ्यांनाही सोबत चला म्हटलंय. अजून त्यांनी हो म्हटलेलं नाही.